चारशे बारा हिरवा

(दोहा, जुलै २०२२. विश्वचषकाच्या पाहुण्यांसाठी घाईघाईने उभ्या राहणाऱ्या एका हॉटेलची साइट. उन्हाळ्याच्या नियमाने दहा ते साडेतीन उघड्यावरचं काम बंद, त्यामुळे कामगार पत्र्याच्या शेडमध्ये गाढ झोपलेले. कंट्रोल रूमच्या केबिनमध्ये नाशिकचा गंधार लॅपटॉपपुढे एकटाच बसला होता. डबा उघडून तसाच बाजूला सारला होता बिचाऱ्याने. तेवढ्यात जनरल फोरमन गोविंदराव आत आले आणि बोलता बोलताच त्यांनी दाराला कडी घातली. सगळी साइट त्यांना मामा म्हणते. त्यांच्या हातात पाइप आवळायचा मोठा पाना होता.)

गोविंदराव: तेच विचारायलोय म्या. शुक्रवारी कामून आला न्हाईस जेवायला? मामीनं धपाटे केले व्हते तुझ्यासाठी.

गंधार: काम होतं जरा. मामा, कडी कशाला लावलीत?

गोविंदराव: एसीचं गार वारं जातंय बाहेर.

गंधार: आणि पाना?

गोविंदराव: तो तर हातातच असतो माझ्या, बावीस वर्षं झाली. लंडनच्या कंपनीतल्या बाईची मेल आली म्हणं तुला.

गंधार: कुणी सांगितलं?

गोविंदराव: साइटवर कुणी शिंकलं तरी मला कळतंय. काय म्हणती ती बाई?

गंधार: तिचं नेहमीचंच. पहिल्या ओळीत, तुम्ही मजेत असाल अशी आशा. दुसऱ्या ओळीत, सॉरी, पुन्हा त्रास देतेय. आणि तिसऱ्या ओळीत विचारते, वली नावाच्या कामगाराला मारलं कुणी.

गोविंदराव: खलीलनं मारलं. खलास. पोलिसांनी नेलंय की त्याला.

गंधार: आज सहावा दिवस.

गोविंदराव: आदल्या दिवशी पाण्याच्या कॅनवरून दोघं भांडले व्हते, चाळीस माणसांनी बघितलं. रक्त बी त्याच्याच शर्टावर सापडलं.

गंधार: वलीला खांद्यावर घालून अॅम्ब्युलन्सपर्यंत त्यानेच नेलं, म्हणून रक्त लागलं. बाकी कुणी पुढे झालं नाही. तुम्ही नाही, मीही नाही.

गोविंदराव: तू काय जज हाईस का? तुझं काम हेल्मेटं बघायचं. हेल्मेटं बघ.

गंधार: हेल्मेटंच बघतोय.

गोविंदराव: दिसतंय का तोंड? त्या व्हिडिओत?

गंधार: नाही.

गोविंदराव: मग झालं की!

गंधार: हेल्मेटवरचे कॅमेरे लंडनच्या कंपनीचे आहेत. त्यांच्या कायद्यात माणसाचा चेहरा म्हणजे त्याची खासगी गोष्ट. म्हणून बाहत्तर तासांनी सिस्टिम सगळी डोकी पुसून टाकते, हेल्मेटसकट. दही फासल्यासारखं दिसतं. मूळ फुटेज कुठेच राहत नाही.

गोविंदराव: चांगला कायदा हाय. लई मोठ्या मनाचे लोक. माणूस मेला तरी चालंल, तोंड उघडं पडाया नको.

गंधार: आवाज पुसत नाहीत मामा.

गोविंदराव: आँ?

गंधार: आवाज राहतो. लंडनला मशीन तो ऐकतं आणि लिहून काढतं. कुठल्या भाषा लागतील त्याची यादी आपल्याकडूनच गेली होती. हिंदी, उर्दू, बंगाली, नेपाळी, तमिळ, मल्याळम, पश्तो, अरबी. मारणाऱ्याच्या आवाजापुढे मशीनने लिहिलंय, भाषा ओळखता आली नाही.

गोविंदराव: न्हाई आली ना? मग मशीनला न्हाई आली, तुला बी न्हाई आली.

गंधार: यादी मीच केली होती. मराठी टाकायचं माझ्या डोक्यातही आलं नाही. साइटवर मराठी बोलतं कोण? तुम्ही आणि मी. तेही या केबिनमध्ये, चहा पिताना.

गोविंदराव: म्या साइटवर हिंदीतच बोलतो. शिव्यासुदिक हिंदीतच देतो.

गंधार: त्या दिवशी नाही दिल्यात.

गोविंदराव: ...किती वाजेपर्यंत कळवायचंय?

गंधार: तीन. तीनपर्यंत माझं उत्तर गेलं नाही, तर क्लिप निरुपयोगी म्हणून बाजूला पडणार. आणि उद्या सकाळी खलील कोर्टात उभा राहणार. त्याच्या बाजूने ही क्लिप सोडून काही नाही.

गोविंदराव: आन् त्या बाईला काय पडलंय खलीलचं? लंडनला बसून चहा पिते ती.

गंधार: तिकडे कंपनीला दर वर्षी लिहून द्यावं लागतं, की आमच्या धंद्यात कुठे कुणाला गुलामासारखं राबवत नाहीत. त्यात वर्ल्ड कप. तिथले पेपरवाले रोज विचारतायत, किती मेले, कसे मेले. घाबरलेत ते. पण घाबरून का होईना, विचारतायत ना!

गोविंदराव: आपल्या मुलखात कुणी विचारलं न्हाई मला, कसा जगायलास. हे चालले विचाराया. ऐक बाळा. लिही, भाषा कळली न्हाई. एवढी एकच ओळ. म्या दार उघडतो आन् घरी जाऊ. मामी वाट बघायली.

गंधार: नाही लिहिणार.

गोविंदराव: आवाज तुझा बी असू शकतो की. दोघंच मराठी ना हितं? म्या सांगीन, पोरगं व्हतं. ऑफिसातलं पोरगं, डोस्कं फिरलं उन्हानं.

गंधार: मी तेव्हा लंडनहून आलेल्या पाहुण्यांसोबत याच खोलीत होतो. फोटो आहे, लंडनच्या कंपनीच्याच वेबसाइटवर लागलाय. कोपऱ्यात दात काढून उभा आहे मी.

गोविंदराव: गंधार, कोरोनात कोण आलं व्हतं तुझ्या दारात? अल अझीझियाच्या त्या खोलीत मरायला पडला व्हतास. तुझे रूमवाले पळाले. सतरा दिवस डबा कुणी आणला? दाराशी डबा ठेवून, खाली रस्त्यावर उभा राहायचो म्या. तू खिडकीत येऊन हात हलवल्याशिवाय गाडी चालू केली न्हाई कधी.

गंधार: माहीत आहे मला. विसरलो नाही.

गोविंदराव: माझी भैरवी तुला दादा म्हणती.

गंधार: तेही माहीत आहे! म्हणून तर नऊ दिवस गप्प बसलो! काय वाटतं तुम्हाला, झोप लागते मला? डोळे मिटले की तुमचाच आवाज येतो.

गोविंदराव: हात ठेव टेबलावर.

गंधार: काय?

गोविंदराव: ज्या हातानं टाइप करतोस तो. ठेव हितं.

गंधार: मामा, पाना खाली ठेवा.

गोविंदराव: शेवटचं सांगायलोय. लिहितोस का न्हाई, भाषा कळली न्हाई म्हणून?

गंधार: नाही.

गोविंदराव: न्हाई?

गंधार: नाही म्हणजे ना— आई गं! आई! मामा! बोटं... माझी बोटं...

गोविंदराव: वरडू नको! आता कर टाइप! कर! तुझ्या मायला, घरात घेतलं तुला, पोटच्या पोरावाणी खाऊ घातलं, आन् माझ्याच मुळावर उठला!

गंधार: असंच... अगदी असंच म्हणाला होतात त्याला.

गोविंदराव: दोन दिल्या व्हत्या त्याला! दोन फटके! बावीस वर्षांत कुणाला दोन फटके दिले न्हाईत म्या? सगळेच देतात. तो पडला. दगडावर पडला, त्यात माझा काय दोष?

गंधार: दोन नाहीत मामा.

गोविंदराव: दोन!

गंधार: अकरा मिनिटं चाललं होतं. ऐकायचंय? थांबा. डावा हात आहे अजून मला.

गोविंदराव: काय करायलास? हात लावू नको त्याला. गंधार! लावू नको म्हटलं ना! हे घे! हे घे तुझं लंडन! आता बघू कशी—

रेकॉर्डिंगमधला गोविंदराव: हेल्मेट काढतो का रे? आँ? पाहुणे आलेत वर आन् तू हेल्मेट काढून बसतो? ऊठ!

गोविंदराव: हे... हे कसं काय? फोडला की म्या त्याला!

गंधार: स्क्रीन फोडलीत. स्पीकर खालच्या भागात असतो.

रेकॉर्डिंगमधला वली: मामा, सर जल रहा था. बॅटरी गरम हो गई है. दो मिनट मामा, अभी पहनता हूँ.

रेकॉर्डिंगमधला गोविंदराव: नाटकं करायलास? ऊठ!

गोविंदराव: बंद कर ते.

गंधार: कुठे क्लिक करू? स्क्रीनवर काही दिसत नाही.

रेकॉर्डिंगमधला वली: आ! मामा! उठ रहा हूँ, उठ रहा हूँ... देखो, उठ गया.

गंधार: ऐकलंत? उठला होता तो.

गोविंदराव: बंद कर म्हटलं ना!

रेकॉर्डिंगमधला गोविंदराव: माझ्या नोकरीवर उठला व्हय रे? ऊठ! ऊठ म्हटलं ना!

रेकॉर्डिंगमधला वली: उठ... उठ रहा हूँ मामा...

गंधार: हा दुसऱ्यांदा. कानाचा तुकडा पडला होता तोवर. हेल्मेट शेजारीच जमिनीवर पडलं होतं, त्याच्या कॅमेऱ्यात वाळूत पडलेला कान दिसतो. तरी तो उठला. तुम्ही ऊठ म्हणालात म्हणून उठला. पुन्हा पाडलात. तिसऱ्यांदा गुडघ्यावर आला.

गोविंदराव: मला आठवत न्हाई. देवाशपथ सांगतो, एवढं न्हाई आठवत. दोनच आठवतात.

रेकॉर्डिंगमधला गोविंदराव: ऊठ! ऊठ! ऊठ!

गोविंदराव: गंधार, वायर कुठली हाय? हात जोडतो लेकरा, वायर सांग.

गंधार: लॅपटॉपला वायर नाही. बॅटरी आहे. चालणार ते.

गोविंदराव: तो काही बोलंना आता. कामून बोलंना?

गंधार: यापुढे तो बोलत नाही. फक्त तुम्हीच बोलता.

गोविंदराव: ...आन् हा कसला आवाज?

गंधार: हेल्मेटच्या पट्ट्याचा. तुम्ही हेल्मेट उचललंत आणि त्याच्या डोक्यावर बसवलंत. जबडा मोडलेला होता, तरी पट्टा आवळलात. मग त्या कॅमेऱ्यात नुसतं आभाळ दिसतं. संपलं. थांबलं बघा. पाणी आहे बाटलीत. प्या.

गोविंदराव: पण मला फोन कुणी केला व्हता?

गंधार: मी.

गोविंदराव: काय म्हणाला व्हतास?

गंधार: मामा, चारशे बारा नंबर लाल दिसतोय, जरा बघा ना.

गोविंदराव: आन् दुसऱ्यांदा?

गंधार: पाहुणे जिना चढतायत. लाल राहिला तर माझी नोकरी जाईल. काहीही करा, पण हिरवा करा.

गोविंदराव: काहीही करा. असंच म्हणाला व्हतास तू. तुझ्या त्या बोर्डावर चारशे साठ हिरवे ठिपके पाहिजे व्हते तुला. हितं एसीत बसून. एकाचं डोकं भाजलं, त्यानं हेल्मेट काढलं, झाला लाल ठिपका. मग मामा हाय की! सगळे लाल ठिपके मामाकडं पाठवायचे. त्याचं काय करायचं ते मामानं बघायचं. तुमच्या हाताला रक्त न्हाई लागत.

गंधार: मी ऐकत होतो मामा.

गोविंदराव: काय?

गंधार: दुसरा फोन ठेवल्यावर मी चारशे बाराचा कॅमेरा उघडला. हेडफोन कानातच होता. तुमचं पहिलं ऊठ ऐकलं, दुसरं ऐकलं. ओळखलं तुम्हाला. तेवढ्यात पाहुणे आत आले आणि मी आवाज बंद केला.

गोविंदराव: बंद केलास?

गंधार: लाल बटण आहे इथे, धोक्याचं. दाबलं असतं तर साइटभर भोंगा वाजला असता. सगळे धावले असते. तो तिसऱ्यांदा गुडघ्यावर आला तेव्हाही वेळ होती. पण पाहुण्यांतली ब्रिटिश पार्लमेंटची एक बाई समोर उभी होती, हातात कप. प्रत्येक गोष्टीला ब्रिलियंट म्हणत होती. अकरा मिनिटांनी चारशे बारा हिरवा झाला. मी बोर्डाकडे हात करून सांगितलं, सगळे सुरक्षित आहेत, मॅडम. ती म्हणाली, ब्रिलियंट. आणि मी थँक यू म्हणालो.

गोविंदराव: फोन वाजायलाय कुठंतरी.

गंधार: माझ्या ड्रॉवरमध्ये. खलीलचा फोन आहे. पोलीस नेत असताना माझ्याकडे देऊन गेला, म्हणाला, घरून फोन आला तर सांगा, कामावर आहे. बायको आहे त्याची, साजिदा. रोज याच वेळेला करते. तिकडे कुणीतरी सांगितलंय तिला, तुझ्या नवऱ्याने माणूस मारला म्हणून.

गोविंदराव: तू काय सांगतोस?

गंधार: उचलतच नाही.

गोविंदराव: थांबला बघ.

गंधार: पुन्हा करेल. तीनदा करते. मामा, किती वाजले? माझं घड्याळ या हातात आहे, वळत नाही मनगट.

गोविंदराव: तीनला दहा कमी. दाखव हात. दाखव रे, मारत न्हाई आता. दोन बोटं गेलीत. तिसरं नुसतं सुजलंय. पट्टी कुठाय तुझी, मोजायची? तिच्यावर बांधतो. दात आवळ.

गंधार: आ... हळू!

गोविंदराव: हळू बांधलं तर हाड वाकडं बसतं. म्या किती जणांची बांधलीत हितं. दवाखान्यात नेऊ का म्हटलं की नको म्हणायचे, सुट्टी मांडतील म्हणून. वलीचा बी अंगठा बांधला व्हता रमजानात. मला म्हणला, मामा, तुमचे हात डॉक्टरासारखे.

गंधार: माझा मोबाइल द्या इकडे. खिशातून काढा.

गोविंदराव: एका हातानं लिहिता येईल?

गंधार: डाव्या अंगठ्याने येईल. हळूहळू.

गोविंदराव: काय लिहायलास, मोठ्यानं वाच.

गंधार: भाषा, मराठी. कंट्रोल रूममध्ये ड्युटीवर कोण होतं, तिथे माझं नाव टाकतोय. पुढे रकाना आहे, धोक्याचा भोंगा का वाजवला नाही.

गोविंदराव: त्याच्यात काय टाकतोस?

गंधार: वाजवला नाही. एवढंच.

गोविंदराव: नोकरी जाईल तुझी. कदाचित तुला बी आत घेतील. तुझं कामून टाकतोस? माझं टाक आन् मोकळा हो की.

गंधार: नऊ दिवस तेच करत होतो मनातल्या मनात. नाही होता येत मोकळं.

गोविंदराव: माझं टाकलंस?

गंधार: तुमच्या रकान्याशी आलोय. सात मिनिटं आहेत. पाना तुमच्या हाताशीच पडलाय मामा. मोबाइल फोडायला एक घाव पुरे. मी अडवू शकत नाही.

गोविंदराव: भैरवीची परीक्षा हाय सोमवारी.

गंधार: हो.

गोविंदराव: तिला काय सांगशील?

गंधार: मला नाही माहीत.

गोविंदराव: मामीला सांगताना हळू सांग. तिचं बीपी वाढतं. ...वाजला बघ पुन्हा तो फोन.

गंधार: राहू द्या. वाजू द्या.

गोविंदराव: काढ इकडं. दे म्हटलं ना. ...हॅलो. हाँ. हाँ बेटी, खलील का ही फोन है. मैं? मैं फोरमन बोल रहा हूँ, मामा. ...रो मत. सुन मेरी बात. उसने नहीं मारा. नहीं, झूठ है, जिसने बताया झूठ बताया. खलील ने तो उसको उठाया था. कंधे पे. अकेले ने. हाँ. ...मुझे कैसे मालूम? मैं वहीं था बेटी.

गंधार: मामा...

गोविंदराव: ठेवला तिनं. का कट झाला, कोण जाणे. लिही. नुसतं गोविंदराव लिहू नको, हितं कागदावर कुणी ओळखणार न्हाई. पासपोर्टवरचं लिही. गोविंद रामकिसन ढवळे.

गंधार: लिहिलं.

गोविंदराव: मुक्काम परतूर, जिल्हा जालना. ते बी टाक.

गंधार: त्याला रकाना नाही.

गोविंदराव: बरं. न्हाई तर न्हाई. ...गेलं का?

गंधार: गेलं. तीनला दोन कमी.

गोविंदराव: आता काय करती ती बाई?

गंधार: आलंसुद्धा उत्तर. थँक यू सो मच म्हणते. पोलिसांना आणि खलीलच्या वकिलाला लगेच पाठवतेय. आणि तुमचा दिवस चांगला जावो.

गोविंदराव: चांगला जावो म्हणं. ...दार उघडू का?

गंधार: उघडा.

गोविंदराव: नको, बसू जरा. गाडीनं तुला दवाखान्यात सोडतो. तिथनं म्या पोलिसात जातो. वाटेत बोलू नको काही.

गंधार: साडेतीन होईपर्यंत साइट सोडता येणार नाही तुम्हाला. सगळ्यांना उठवायचं असतं.

गोविंदराव: खिडकीतून दिसायलेत बघ. एका वळीत झोपलेत सगळे. हेल्मेटं उशाला घेऊन. तुझ्या बोर्डावर सगळे लाल असतील आता.

गंधार: विश्रांतीत बोर्ड बंद असतो. कुणी बघत नाही.

गोविंदराव: तो चौथा, कुशीवर वळलेला, त्याच्याजवळची जागा रिकामी हाय. वलीची. कुणी झोपंना तिथं नऊ दिवस झाले. म्या रोज बघतो, आन् रोज मान फिरवतो.

गंधार: अर्धा तास झाला बसून. साडेतीन वाजले मामा.

गोविंदराव: शिट्टी कुठाय माझी?

गंधार: गळ्यातच आहे तुमच्या.

गोविंदराव: ...राहू दे. झोपलेत. झोपू दे त्यांना जरा.